स्वखर्चाची भेट

“बेगल घ्या, पण कोरडा,” म्हणत व्हर्ना स्टोल्पेनं टेबलावरची चीजची डबी उचलून घेतली. “चीज लावलं की तो नाश्ता राहत नाही, जेवण होतं. आणि जेवण आम्ही देऊ शकत नाही.”

लोर्ना व्हेसलीला आधी वाटलं, बाई थट्टा करतेय. अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्याच्या पार पश्चिमेकडून चार तास गाडी हाकून ती लेकीला कॉलेज दाखवायला आली होती. शनिवारची सकाळ, हाडं गोठवणारी थंडी, आणि स्वागताला कोण, तर चीजची डबी छातीशी धरलेली, कॉलेजच्या खेळविभागाची ही नियम-अधिकारी.

“चमचाभर चीजनं माझी पोरगी विकली जाणार आहे का हो?”

“तुम्ही स्वखर्चानं आलात. अशा भेटीत पाणी, फळं, कोरडा पाव, बस्स. त्यापलीकडे फुकट काही घेतलंत, तर ब्रिन या कॉलेजकडून खेळू शकणार नाही. दुसरीकडे कुठंही खेळेल, इथं नाही.”

सतरा वर्षांची ब्रिन मान खाली घालून तो कोरडा, कड्यासारखा बेगल पाव चावत राहिली.

तिला इथंच यायचं होतं. दीड वर्षापूर्वी व्हॉलीबॉलचा कोच डग हॅल्व्हरसन यानं तिला तोंडी शब्द दिला होता: संघात जागा, फी माफ, राहणं-खाणं कॉलेजचं. लोर्ना शाळेची बस चालवायची. हा शब्द नसता तर ब्रिनचं शिक्षण बारावीलाच संपलं असतं. त्या भरवशावर त्यांनी दुसऱ्या दोन कॉलेजांना नकार कळवला. मग एप्रिलमध्ये ब्रिनचा गुडघा गेला. ऑपरेशन झालं. तरी कोचचा फोन कधी चुकला नाही. “शब्द म्हणजे शब्द,” तो म्हणायचा.

दिवसभर व्हर्ना त्यांच्या मागं सावलीसारखी होती. सूपचे पैसे लोर्नानं भरले, पार्किंगचे भरले. एका खेळाडूनं कुडकुडणाऱ्या ब्रिनच्या अंगावर संघाचा स्वेटर टाकला, तर व्हर्नानं तो उतरवून घेतला. पोरीचे ओठ निळे पडलेले, आणि ही स्वेटराची घडी घालत होती. लोर्नाला शिसारी आली. असली माणसं कुठल्या मातीची असतात, तिला कळेना.

“तिला झोपेतसुद्धा पावती लागते,” कोच हळूच म्हणाला, आणि लोर्ना दिवसात पहिल्यांदा हसली.

व्यायामशाळेच्या जिन्यावर तो मुद्दाम ब्रिनच्या मागून चढला.

“गुडघा काय म्हणतोय?”

“मस्त आहे, सर,” ब्रिन म्हणाली. शेवटच्या चार पायऱ्या तिनं कठडा धरून चढल्या.

संध्याकाळी निघताना व्हर्ना कुठं दिसत नव्हती. कोच धावतपळत गाडीपाशी आला. त्याच्या काखेत एक खोका होता.

“हे घे पोरी. गुडघ्यावर चढवायचा ब्रेस, खास तुझ्या मापाचा. मागं फोनवर मापं विचारली होती ना, ती यासाठीच.”

लोर्नाला असल्या ब्रेसची किंमत ठाऊक होती. डॉक्टरांनी बाराशे डॉलर सांगितले होते. विम्यात बसत नव्हता म्हणून तिनं विषय सोडून दिला होता.

“मॉम, पण त्या बाई म्हणाल्या—”

“त्या बाईला चीजच्या डब्या मोजू दे,” लोर्ना म्हणाली. “घे तू.”

“व्हर्नाला कळायला नको एवढंच,” कोच म्हणाला. “पकडलाच गेलो तर मला दोन आठवडे फोनबंदी, म्हणजे नव्या खेळाडूंना फोन करायचा नाही. ती काय, मी आधीही भोगलीय.” त्यानं ब्रिनच्या डोक्यावर हात ठेवला. लोर्नाचे डोळे भरून आले.

फाटकाशी मात्र व्हर्ना उभी होतीच. तिनं काचेवर टकटक केलं.

“कुणी काही दिलं तुम्हाला?”

“पाणी,” लोर्ना म्हणाली. “तेही कोमट.”

“काही घेतलं असेल तर आत्ता परत करता येतं, मिसेस व्हेसली. आत्ताच. मी लिहूनसुद्धा घेणार नाही.”

लोर्नानं काच वर केली.

बाराव्या दिवशी कॉलेजचं पत्र आलं. ब्रिन व्हेसलीनं भेटीदरम्यान महागडी वस्तू फुकट स्वीकारल्यानं तिला या कॉलेजकडून खेळता येणार नाही. कोचचा फोन लागेना. नकार कळवलेल्या दोन्ही कॉलेजांतल्या जागा कधीच भरल्या होत्या. ब्रिन खोलीचं दार लावून बसली.

लोर्नानं व्हर्नाला फोन लावला.

“झालं समाधान? एका पोरीचं आयुष्य मातीत घातलंत. तुमची किळस येते मला. कुठं दडून बघत होतात?”

पलीकडं दार लावल्याचा आवाज आला.

“मी काहीच बघितलं नव्हतं,” व्हर्ना म्हणाली. “तुमच्याकडे फॅक्स आहे का? एक कागद पाठवते. मी पाठवला असं कुणाला सांगू नका.”

बस डेपोच्या कचेरीतल्या यंत्रातून एकच कागद बाहेर आला. नियमभंगाच्या कबुलीचा अर्ज. कबुली देणारा: डग हॅल्व्हरसन. दिलेली वस्तू: गुडघ्याचा ब्रेस, किंमत बाराशे डॉलर. सुचवलेली शिक्षा: कोचला दोन आठवडे फोनबंदी. ‘खेळाडूला माफी मिळावी अशी विनंती कॉलेज करणार का?’ या प्रश्नापुढं ‘नाही’वर खूण होती.

खाली कोचची सही होती, आणि सहीपुढं तारीख. मायलेकी कॉलेजात पोचल्या, त्याच्या दोन दिवस आधीची.