पंचाचं बोट

घाटकोपरला दोन चेंडूंत दोन धावा हव्या होत्या आणि हातात एकच गडी उरला होता. प्रांजलने गार्ड घेतला. मुलुंडच्या निमेशने चेंडू पँटला घासला. पंच परेशने हात पाठीमागे घट्ट बांधले, कारण या स्पर्धेत पंचाने बोट उचलायचं नसतं.

चौदा वर्षांखालच्या मुलामुलींची ही स्पर्धा. उपनगरांचे आठ संघ, वीस षटकं, हरला तो घरी. पायचीत नाही. पंचाने षटकं मोजायची, वाइड-नोबॉल द्यायचे, बस्स. झेल उडाला तर बॅटला लागला का ते फलंदाज सांगणार आणि नीट धरला का ते झेलणारा. बेचाळीस वर्षांपूर्वी पहिल्याच सामन्याला पंच आला नव्हता. तेव्हा संपात गिरणी सुटलेले भाऊराव पोरांना म्हणाले होते, "बॉल जेच्या बॅटीक लागलो तेका म्हायत, जेणी धरलो तेका म्हायत. मगे तिसरो कित्याक?" तेव्हापासून तिसरा नाहीच.

भाऊराव आता सत्तरीचे. मांडवात खुर्चीवर बसून होते. यंदा समितीची सूत्रं नमिताकडे आली होती आणि तिला हे पटत नव्हतं. हल्लीच्या पोरांना आई-बापच बाहेरून ओरडून शिकवतात, ती कशाला खरं बोलतील? परेश वीस वर्षं पंचगिरी केलेला माणूस. त्याने अंतिम सामना बघायचा आणि सांगायचं, पुढच्या वर्षीपासून नेहमीसारखे निर्णय देणारे पंच आणायचे का. त्याने उत्तर सकाळीच ठरवलं होतं. "चोराच्याच हातात किल्ल्या दिल्यात तुम्ही," तो हसून म्हणाला होता. भाऊरावांनी ते ऐकलं होतं. बिचाऱ्यांचं उभं आयुष्य त्या एका नियमात होतं.

निमेश धावत आला. चेंडू टप्पा पडून बाहेर वळला. टक् असा आवाज झाला आणि यष्टिरक्षक विकीने उजवीकडे झेप घेऊन जमिनीलगत तो उचलला. मुलुंडची पोरं नाचायला लागली. सवयीने परेशचं बोट वर गेलं. आवाज स्पष्ट होता, झेल चोख होता. मग नियम आठवून त्याने हात झटकन खाली घेतला.

प्रांजलने कुणाकडे पाहिलंही नाही. "लागला," ती म्हणाली आणि बॅट काखोटीला मारून निघाली.

"थांब गं." विकी अजून गुडघ्यांवरच होता. "माझ्या हातात यायच्या आधी टप्पा पडला."

"वाट लावलीस ना यार!" निमेश ओरडला. "कुणी बघितलं होतं?"

"कुणीच नाही." विकीला रडू फुटत होतं. "पण माझ्या हाताला कळलं ना."

मैदान चिडीचूप झालं. आई-बापसुद्धा. प्रांजल परत आली, शेवटचा चेंडू तिने कव्हरला ढकलला आणि जिवाच्या आकांताने दोन धावा पळाली. घाटकोपर जिंकलं. अकरा वर्षं चषकाची वाट बघणारं मुलुंड हरलं. विकी ग्लोव्हजमध्ये तोंड खुपसून रडत होता आणि निमेश त्याच्या शेजारी जाऊन बसला होता. एवढं मोठं काही परेशने वीस वर्षांत कुठल्याच मैदानावर पाहिलं नव्हतं.

"मग परेशभाई," नमिता वही उघडून म्हणाली, "काय लिहू?"

परेश तिला ओलांडून थेट भाऊरावांसमोर गेला. त्याने टोपी काढली.

"मघाशी माझं बोट वर गेलं होतं. कुणी बघितलं नाही," तो म्हणाला. "मी आउट, काका."