बशीवरचा चमचा

बाळिगाकाकांनी कॉफीचं दुकान विकलं, तरी मृदुलाताई सवयीने पांढरी काठी टेकत आल्याच. मनात मात्र धाकधूक होती. नव्या मालकासमोर कप चाचपडत शोधायचा, हे त्यांना नको वाटत होतं.

कॉफीचा वास जवळ आला आणि बशीवर चमचा दोनदा वाजला. ताईंचा हात अचूक कपाच्या कानावर गेला.

“का रे, काकांसारखा तुझाही हात थरथरतो वाटतं?”

“नाही हो, मावशी. किल्ल्या देताना काकांनी बजावलंय, खिडकीपाशी मावशी बसतात, त्यांना कॉफी दिलीस की चमचा वाजवायचा. बाकी कुणासाठी नाही.”

त्या चमच्यावरून ताईंनी काकांची किती थट्टा केली होती! आणि दरवेळी ते बिचारे म्हणायचे, “वय झालं, ताई.”

“कुठे असतात रे ते आता?”

“इथेच, कोपऱ्यातल्या टेबलाशी. आज गिऱ्हाईक म्हणून आलेत.”

ताईंनी चमचा उचलला आणि बशीवर दोनदा वाजवला.

कोपऱ्यातून उत्तर आलं, आणि या वेळी काकांचा आवाज खरंच थरथरत होता.

“तुमचंही वय झालं, ताई!”