साहेबांना पाझर फुटला

आंदोलन पेटलं तेव्हा बाकीच्यांनी दगड उचलले, पेंटरने मात्र ब्रश उचलला. बाजारातल्या भिंतीवर त्याने लाल ऑइल पेंटने पुरुषभर उंचीची अक्षरं काढली, ‘खुर्ची खाली करा!’ त्याचं बघून गावातल्या इतर पेंटरांच्याही हाताला खाज सुटली आणि सगळेच्या सगळे तुरुंगात गेले.

दोन वर्षं त्याच्या बायकोने उंबरे झिजवले, पण कुणी दाद दिली नाही. निवडणूक तोंडावर आली मात्र, मंत्रीसाहेबांना असा पाझर फुटला की आंदोलनातल्या झाडून सगळ्यांना माफी! तुरुंगाच्या दारात साहेबांनी पेंटरला स्वतः हार घातला. फोटो निघेपर्यंत डोळेही पुसले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच साहेबांचा माणूस चुन्याचं पोतं घेऊन हजर. “प्रचाराच्या भिंती कधीच्या रखडल्यात हो! इतके दिवस गावात एक पेंटर तुरुंगाबाहेर असेल तर शपथ. बाजारातली भिंत आधी घ्या. चुना मारून वर झोकात लिहा, ‘दिलदार सरकार’.”

पेंटर कामाला लागला. बायको चुना कालवता कालवता थांबली.

“अहो, आधी तुमची ती लाल अक्षरं खरवडून काढायला नकोत का? ऑइल पेंटवर चुना धरत नाही. महिन्याभरात पोपडे सुटतील आणि खालचं सगळं दिसायला लागेल.”

 

“अगं, हळू बोल,” पेंटर म्हणाला. “मतदान महिन्याभरानेच आहे.”