सातवा ठोका

मावशीच्या प्रयोगशाळेत माशाच्या पारदर्शक पिल्लाचं हृदय भिंगाखाली धडधडताना चक्क दिसतं. माझ्या बाबांच्या हृदयासारखा चुकणारा ठोका जनुक बदलून पिल्लांत आणायला ती दोन वर्षं खपत होती. तो दिसला तरच औषधं तपासता येणार होती. मोजणाऱ्याने हवं तेच पाहू नये म्हणून कोणत्या बशीत बदललेलं पिल्लू आहे ते सांगणाऱ्या चिठ्ठ्या झाकलेल्या होत्या. मिनिटाचे ठोके मोजून मदतनीस काका म्हणाले, “सगळी ठणठणीत!” मी मात्र पायाने दोरीच्या उड्यांचा ताल धरला. “मावशी, तिसऱ्या बशीतलं दर सातव्या ठोक्याला अडखळतंय!” काका हसले, “अगं उड्यांच्या राणी, हा मासा आहे, दोरी नाही!” मी पुन्हा मोजलं. पुन्हा सातवाच. मावशीने चिठ्ठी उघडली. जनुक बदललेलं पिल्लू तेच! काकांनी गुपचूप आपली खुर्ची मला दिली. मावशीने वहीत ‘निरीक्षक’ या शब्दापुढे ठसठशीत लिहिलं: माझी भाची, इयत्ता नववी.