सुताचा चाबूक

मालकांनी सुताचा चाबूक बादलीत बुडवून हवेत फटकारला, तेव्हाच मी समजले की आज माझी पाठ सोलून निघणार. सूत भिजलं की कातड्यासारखं लागतं. माझा हा पहिलाच मूकपट. कंपनीचे मालकच दिग्दर्शक आणि पडद्यावरचे दुष्ट सरदारही तेच. मी त्यांची बटीक.

दुसऱ्या फटक्याला चोळी फाटली. "पुरे, मालक, पुरे," मी ओरडले. कॅमेऱ्याचं हँडल फिरवणारे तात्या थबकले. "फिरवा हो," मालक खेकसले, "आवाज थोडाच उमटतोय? ओठ बघा कसे झकास हलतायत." पाठीवरचं रक्त पडद्यावर घामासारखं दिसेल, म्हणून त्यांनी वरून काकवी चोपडायला लावली.

जेवणानंतरच्या प्रसंगात बटीक चाबूक हिसकावते आणि सरदाराला फोडून काढते. मालकांनी माझ्यासाठी दुसरा, कोरडा चाबूक काढून ठेवला होता. मी तोही बादलीत बुडवला.

मालक आधी शिव्या देत होते, मग हात जोडायला लागले. मी थांबले नाही. तात्यांनीही हँडल सोडलं नाही. "झकास हलतायत, मालक," एवढंच म्हणाले.

चित्रपट लागला तेव्हा लोकांनी शिट्ट्यांनी तंबू डोक्यावर घेतला. पडद्यावर मालक लोळत होते, तेवढ्यात सरदाराच्या संवादाची पाटी आली: "थांब बटके, तुला जिवंत सोडणार नाही."

पाटी गेली आणि मालकांचं तोंड पुन्हा दिसलं. ते पुरे, पुरे म्हणत होतं.