चोक जमायला हवा

गंगाधरपंतांच्या जुन्या फियाटचा चोक सकाळच्या गारठ्यात गाडी सुरू करताना नेमका किती ओढायचा, हे अख्ख्या वाईत फक्त त्यांनाच जमायचं. बायकोनं, विनोदिनीनं, हौसेनं लायसन्स काढलं; तरी "चोक तुला जमायचा नाही" म्हणून चावी कायम पंतांच्याच सदऱ्यात.

परवा त्यांनी गाडीला इलेक्ट्रिक चोक बसवला, वायरही स्वतःच जोडली. चावी फिरवली आणि गाडी लगेच सुरू! "आता शेंबडं पोरसुद्धा चालू करील!" पंतांनी साऱ्या आळीला ओरडून सांगितलं.

आज सकाळी अंगणात गाडीच नाही. पंत पोलिसांना फोन लावणार, तेवढ्यात विनोदिनीचाच आला.

"अहो, पसरणीचा घाट चढून आम्ही चौघी मैत्रिणी महाबळेश्वरात पोचलो! कुकर भरून ठेवलाय. तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद करायचा...

जमेल ना तुम्हाला?"