बारवेचा फोटो

"त्या तिकाटण्याला हात लावू नका," फोटोवाला म्हणाला, आणि पाटलाचा गडी गेनू याने ते मुद्दाम लाथेने पाडले.

कॅमेरा अजून त्या तीन पायांवर चढवला नव्हता, पेटीतच होता म्हणून वाचला. फोटोवाल्याने तिकाटणे उचलले, धूळ झटकली आणि पुन्हा बारवेच्या काठावर उभे केले. भांडला नाही. त्यामुळे गेनूला जास्तच चेव आला.

"पाटील, या हिकडं! ह्यो मोजणीचाच हाय. तीन पायाचं यंत्र घिऊन दुसरं कोन येतंय?"

चाकणच्या वाटेवरचे ते गाव त्या उन्हाळ्यात सरकारच्या नावाने दातओठ खात होते. पिंपरीकडे कारखान्यासाठी जमिनी गेल्या होत्या. त्याआधी म्हणे तिथेही असाच एक टोपीवाला साहेब तिकाटणे घेऊन हिंडून गेला होता. आणि या गावात बारवेला लागून जी काळीभोर बागायत होती, ती सगळी रंगराव पाटलाची. ती गेली तर पाटलाच्या हाती नुसती मिशी उरणार होती.

रंगराव आला तोच पेटलेला. सरकारी म्हटले की त्याचे डोके फिरायचे. बारव सर्वांना खुली असल्याची पाटी मागे सरकारने लावली, तर त्याने ती उपटून गोठ्यात गव्हाणीला ठोकली होती. बैलांना तरी तिचा उपयोग होता.

"कागूद दाव," तो म्हणाला.

फोटोवाल्याने पत्र दिले. वेशी, देवळे, बारवा अशा जुन्या बांधकामांचे फोटो काढायचे काम होते. पत्र इंग्रजीत होते. रंगरावाने ते उलटसुलट करून पाहिले आणि त्याच्या अंगावर भिरकावले.

"कागदावर समदं गोडच असतंय. माज्या जमिनीचा फोटू काढनार न्हाईस कशावरनं?"

"मला फक्त बारव हवी आहे. खालची कमान पडायला आली आहे. ती पडली तर तिचं चित्रसुद्धा उरणार नाही."

"पडली तर आमची पडंल! तुज्या बापाची हाय का बारव?"

जमलेल्या माणसांनी हसून घेतले.

एरवी हे गाव पाहुण्याची कुळीमुळी काढल्याशिवाय त्याला ओसरीवर टेकू देत नसे. त्या दिवशी मात्र जो तो जमिनीचेच विचारत होता. भीतीने माणसाची अक्कल अशीच एका जागी रुतते.

शेवटी रंगरावाची चुलती गोजाबाई पुढे झाली. बाई तोंडाची फाटकी, पण तिचा शब्द गावात कोणी खाली पडू देत नसे.

"कागूद कशाला बघताय? पानी उचलू द्या त्याला. खरं-खोटं आपसूक कळंल."

ही गावची जुनी रीत होती. शपथ घेणाऱ्याने बारवेत उतरून ओंजळीत पाणी घ्यायचे, खरे बोलायचे आणि ते प्यायचे. मग तांब्या भरून वर यायचे आणि ज्यांनी शपथ घ्यायला लावली त्यांच्या ओंजळीत पाणी ओतायचे. त्यांनीही ते प्यायचे. ज्याच्या हातचे शपथेचे पाणी प्यायलो, त्याच्यावर पुन्हा हात उचलायचा नाही.

फोटोवाल्याचा चेहरा उतरला.

"एवढं कशाला? मी तोंडाने सांगतो ते पुरे नाही का?"

"बघा, बघा, भ्यालं!" गेनू ओरडला. "पाप हाय मनात!"

"पाण्याला हात लावायला सांगू नका, पाटील. वाटलं तर फोटो न काढता जातो."

एवढे ऐकले आणि रंगरावाची खात्रीच पटली. त्याने एका हाताने फोटोवाल्याची गचांडी धरली, दुसऱ्याने पेटी उचलली.

"आता न्हाई जायाचं. उतरतूस, का ह्यी पेटी टाकू बारवंत?"

"नंतर म्हणाल, मी आपण होऊन उतरलो."

"कोन म्हनतंय? समद्या गावाम्होरं म्या रंगराव पाटील सांगतोय. उतर!"

फोटोवाल्याने बूट काढले. सावकाश पायऱ्या उतरून तो पाण्यापाशी उभा राहिला आणि नुसताच पाण्याकडे बघत राहिला. वरून कोणीतरी खडा मारला. मग तो वाकला. त्याने ओंजळ भरली.

"मी जमीन मोजायला आलेलो नाही. माझ्या फोटोपायी या गावची वीतभर जमीन गेली तर हे पाणी मला बाधो."

तो प्याला. मग आणखी एक ओंजळ प्याला, आणि आणखी एक.

"येवडी तहान लागलीवती तर मागायचं की मेल्यानं," गोजाबाई म्हणाली आणि तिने तांब्या खाली दिला.

तो भरलेला तांब्या घेऊन वर आला. रंगरावाच्या ओंजळीत त्याने पाणी ओतले, मग गेनूच्या, मग गोजाबाईच्या. रंगराव घटाघटा प्याला आणि ओल्या हाताने त्याने मिशी पुसली. गावाने सुटकेचा श्वास सोडला. जमीन वाचली होती.

मग काय, फोटोवाल्याला कोणी अडवले नाही. त्याने कमान टिपली, कोनाडे टिपले. रंगराव तर मिशीला पीळ देऊन पायरीवर उभाच राहिला, आणि फोटोवाल्याने त्याचाही फोटो काढला. काम आटोपल्यावर गेनूने स्वतः तिकाटणे खांद्यावर घेतले.

"रागावू नगा, सायेब," रंगराव म्हणाला. "काळच तसा आलाय. आन् ह्या गडबडीत इचारायचंच ऱ्हायलं बगा. तुमचं गाव कंचं म्हनायचं?"

"हेच," फोटोवाला म्हणाला. "लहानपणीच मामाबरोबर मुंबईला गेलो. महारवाड्यातल्या सोनबाचा मी थोरला."